गप्प्याचा सिनेमा

आमच्या घरात गप्प बसायचं असेल तर तेही ओरडून सांगावं लागे. रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत आईचा कडक भाकरीचा उद्योग, मधल्या खोलीत ज्वारीच्या पिठाची पोती आणि त्या पोत्यांच्या आडोशाला माझं टेबल. सकाळी बायका यायच्या, चपला काढता काढता कालचं राहिलेलं बोलणं पुढं सुरू करायच्या, आणि एकदा पराती मांडल्या की थापण्याचा आवाज दुपार कलेपर्यंत थांबायचा नाही. हा आवाज लोक समजतात तसा मऊ नसतो. सगळ्याजणी एकदम थापायला लागल्या की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. पंखा लावायची सोय नाही, कारण गॅसची ज्योत फडफडते आणि पीठ उडतं, त्यामुळे सोलापूरच्या एप्रिलमध्येसुद्धा खिडकी अर्धी उघडी आणि प्रत्येकीच्या खांद्यावर घाम पुसायला एक टॉवेल. टीव्ही मात्र चालू. दुपारच्या मालिका थापण्याच्या वरताण ऐकू याव्यात म्हणून आवाज इतका मोठा ठेवलेला असायचा, की समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला सगळ्या मालिकांमधल्या सासवांची नावं पाठ होती.

आम्ही घरातल्या माणसांनी मात्र वर्षानुवर्षं मोडक्याच भाकरी खाल्ल्या. गोल, पातळ, पापडासारखी कडक भाकरी ही विकायची वस्तू. कडेला चिरलेली, मध्येच फुगून बसलेली, उचलताना घडी पडलेली, ती आमची. सोबत शेंगाचटणी, दही आणि वर कच्चं तेल. आता पुण्यात मी दुकानातून पाकिटातली भाकरी आणते तेव्हा अख्खी ताटात वाढून घेत नाही. आधी मोडते, मग वाढून घेते. त्याशिवाय ती घरची वाटत नाही.

त्या घरातली न बोलणारी मी. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं मराठीत बोललं की शिक्षा व्हायची आणि घरी इंग्रजीत बोललं की हसू. दोन्हीकडून वाचण्याचा सोपा मार्ग मी फार लहानपणी शोधून काढला होता. पाहुणे आले आणि त्यांनी ‘काय गं, कसं चाललंय’ विचारलं, की मी उत्तर आधी मनात इंग्रजीत तयार करायचे, मग मराठीत आणायचे, मग ते फार पुस्तकी वाटतंय म्हणून दुरुस्त करायचे, आणि तोवर पाहुण्यांचा चहा पिऊन झालेला असायचा. अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, हे कोडंच वाटे. त्यांचं सात रस्ता चौकात चष्म्याचं दुकान. दिवसभर ते गिऱ्हाइकाला वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा म्हणत बोलत असायचे, आणि घरी आल्यावर माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की बहुधा हिचा नंबर आपल्याला सापडलेला नाही. आई लोकांना सांगायची की पोरगी लाजाळू आहे. पण आमच्या खोलीत अखेरचा शब्द महानंदाकाकूंचा असायचा. त्या अक्कलकोटकडच्या, वयानं सगळ्यांत मोठ्या, तव्यापाशी बसायचा मान त्यांचा. त्यांनी माझ्यासमोरच निकाल देऊन टाकला होता की लाजाळू न्हाय ती, शिष्ट हाय. तो शब्द मला चिकटला. मी तो खोडून काढायला हवा होता, पण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला सिनेमावर एक पेपर होता. शिकवणारे सर मोठे सज्जन, आणि सज्जन माणसं करतात तशी त्यांनी माझी अडचण केली. मागच्या सत्रात वर्गासमोर निबंध सादर करायला मी उभी राहिले, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले आणि पुढचं सगळं आत राहिलं. कुणीतरी पाणी आणून दिलं. मी ते सावकाश प्यायले, ग्लास टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. माझं सादरीकरण ते एवढंच. या वेळी सरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की पुण्याच्या ज्या अभ्यासक्रमाला मला जायचंय तिथं मुलाखत असते, तेव्हा मी इथं तोंड उघडलं तरच ते माझी शिफारस लिहितील. मग माझ्यावर दया म्हणून त्यांनी विषय दिला मूकपटाचा. युद्धोत्तर जर्मन मूकपटातील समाजचित्रण आणि मानसिक उलथापालथ. पेनड्राइव्हवर त्यांनी कुठूनसा मिळवलेला एक सिनेमा होता, ज्याचं जर्मन नाव एका दमात म्हणता यायचं नाही. वर त्यांनी बजावलं की मोबाइलवर बघू नकोस, मोठ्या पडद्यावर बघ, सगळी गोष्ट चेहऱ्यांवर आहे.

आमच्याकडे मोठा पडदा एकच, आणि तो मालिकेच्या ताब्यात. आईनं मध्यस्थी केली. माझं पुण्याला जाणं यावर अवलंबून आहे हे तिनं बायकांना सांगितलं, आणि त्यात भर म्हणून मी जर्मनीलाच निघालेय असं काहीसं सुचवलं. बायकांनी मोठ्या मनानं दुपारची मालिका सोडली. मी दाराशी, सगळ्यांच्या पाठीमागं एका पोत्यावर बसले आणि सिनेमा सुरू केला.

सुरुवातीलाच सुमन उठली. सुमन करकंबची, लग्न होऊन सोलापुरात आलेली, आमच्यातली सगळ्यांत तरुण. तिनं पिठाच्या हातानं रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. आला नाही. आणखी वाढवला. पडद्यावर माणसं येत होती, जात होती, ओठ हलवत होती. सुमननं आवाज शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला आणि टीव्ही बिघडल्याचं जाहीर केलं. आईनं तिला समजावलं की हा सिनेमाच असा असतोय, आवाज नसलेला. यावर महानंदाकाकू खूश झाल्या. त्यांचं म्हणणं, मग चांगलं हाय की, थापताना ऐकायचा ताप न्हाय. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं न्हवतं.

अडचण आली ती पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या इंग्रजी पाट्यांची. पहिली पाटी आली आणि सगळ्या पाठी वळल्या. म्हणजे पाठ माझ्याकडेच राहिली, मान तेवढी वळली. महानंदाकाकू म्हणाल्या, “वाच की गं. त्यासाटी तर तुला इंग्लिश शाळंत घातली.”

मी वाचलं, की युद्ध समाप्त झालं आणि एक मनुष्य आपल्या निवासस्थानी परतला. सुमन इतकी हसली की तिची भाकरी हातातच फाटली. मनुष्य म्हणं. पुढच्या पाटीला मी इमारतीच्या मालकिणीला जमीनदारीण केलं, कारण ‘लँडलेडी’तलं लँड म्हणजे जमीन एवढी माझी तयारी होती. काकूंनी पडदा नीट न्याहाळला आणि विचारलं की हिची जमीन कुटं हाय, दोन कुंड्या तर दिसत्यात. आईनं दुरुस्ती केली, घरमालकीण गं. मी लाजून हळू बोलायला लागले तर थापण्यात काही ऐकू जाईना, आणि सगळीकडून एकच तक्रार यायला लागली की गिळून बोलू नको. मग मला ओरडून वाचावं लागलं. ज्या मुलीनं पाहुण्यांना कधी ‘बसा’ म्हटलं नव्हतं, ती सोलापूरच्या भर दुपारी जर्मन माणसांचं दुःख ओरडून सांगत होती आणि समोरचा सायकलवाला स्पोकमध्ये हात तसाच ठेवून ऐकत होता.

गोष्ट तशी साधी होती. मजल्यामजल्याची एक इमारत. सगळ्यांत वर एक जुना लष्करी अधिकारी, एका डोळ्याला काच लावणारा. तळघरात वाफेत कपडे धुणाऱ्या आणि इस्त्री करणाऱ्या बायका. मधल्या मजल्यावर आपला माणूस, जो युद्धाआधी रेल्वे स्टेशनवर गाड्यांची नावं ओरडून सांगायचा. युद्धावरून आला तो गप्प होऊन. इमारतीतली रीत अशी, की जिन्यात अधिकारी भेटला की बाजूला सरायचं, टोपी काढायची आणि रामराम घालायचा. सगळे घालत. हा टोपी काढायचा, बाजूला सरायचा, पण त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. तेवढ्यावरून घरमालकिणीनं त्याला उद्धट ठरवलं, आणि मग सगळ्या इमारतीनं.

बायकांनी या इमारतीत ताबडतोब बिऱ्हाड केलं. तळघरातल्या बायका पडद्यावर आल्या की सुमन म्हणायची, ह्यास्नी बी फॅन न्हाय. त्यांच्यातच असलेल्या हिरोच्या बायकोची इस्त्री करायची पद्धत एकीलाही पसंत नव्हती. जिन्यातला रामराम बघून सुमननं सांगितलं की करकंबात एका बागायतदाराच्या घरापुढनं तिच्या आजाला सायकलवरनं उतरून चालत जावं लागायचं. काकू म्हणाल्या, आता बी उतरत्यातच की, सायकलीच्या जागी फटफटी आलीया एवढंच. माझ्या वहीत मी ‘सामाजिक उतरंड’ असं इंग्रजीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. पुढं जिना वाकडा व्हायला लागला, दारं तिरकी झाली, भिंतींवर नुसतीच तोंडं उगवली, बोलणारी, ओरडणारी. सरांच्या म्हणण्याप्रमाणे ही मानसिक उलथापालथ. काकूंच्या मते गवंडी पिऊन आला हुता.

सिनेमा फार मोठा नव्हता, पण तो पुरा व्हायला कितीतरी दुपारी लागल्या. पीठ मळायचं असलं की थांबवायचा, सिलिंडर बदलायचा असला की थांबवायचा, आणि झालेलं भांडण काल न आलेल्या बाईला पहिल्यापासून सांगायचं. आईला वेगळीच काळजी लागली. वाकड्या जिन्याच्या वेळी भाकरी इतक्या पातळ थापल्या जायच्या की तव्यावर तडकायच्या, आणि बायको रडायला लागली की जाडजूड. संध्याकाळी टेंभुर्णीच्या हॉटेलवाल्यासाठी भाकरी बांधताना थप्पी बघूनच आईला कळायचं की आज सिनेमा कुठपर्यंत आला. मोडक्या भाकरी वाढल्या आणि आम्ही त्या आठवड्यात तिन्ही त्रिकाळ भाकरीच खाल्ली. अप्पा जेवायला यायचे ते ताट घेऊन खोलीच्या उंबऱ्यातच बसायला लागले. त्यांना त्या अधिकाऱ्यात रस होता. एका डोळ्याचा चष्मा विकून दुकानदाराचं भागतं कसं, हा प्रश्न ते मला रोज विचारायचे, जणू मी तिथं राहून आले होते.

एके दिवशी सुमननं थापता थापता विचारलं, “पर मी म्हणते, हितं सगळीच गप हायती. मग ह्योच मुका हे कसं कळायचं?”

मी न विचारता बोललेलं पहिलं वाक्य त्या खोलीत तेव्हा बोलले. म्हटलं, त्याच्या नावाची पाटी येत नाही. बाकी सगळे ओठ हलवतात आणि मग त्यांचं बोलणं पाटीवर येतं. याचं येत नाही. सुमननं पुढची दोन-तीन भांडणं नीट बघितली आणि मान हलवली. व्हय की. त्या दिवशी मी पोत्यांमागं जाऊन निबंध पहिल्यापासून फाडला आणि नव्यानं लिहायला घेतला. तोपर्यंत मी पुस्तकांमधली वाक्यं एकमेकांना जोडत होते.

शेवटी अंगणाचा प्रसंग आला. घरमालकीण सगळ्या इमारतीला खाली बोलावते. आज हा बोलला तर राहील, नाहीतर बायकोसकट खोली सोडेल. गोल करून सगळे उभे, मध्ये तो. अधिकारी खुर्चीवर. एकेक चेहरा जवळ येतो, सगळ्यांची नजर त्याच्या तोंडावर. मी पाट्या ओरडत होते आणि बायका थापत होत्या.

महानंदाकाकू भाकरी उलटत म्हणाल्या, “सोंग हाय सगळं. आमचे हे बी असेच हुते. माणसात तोंडाला कुलूप, आन भाकरी संपली की बरोबर हाक. बोलाया येतंय त्याला. शिष्ट हाय, दुसरं काय न्हाय.”

“आमच्या सुपीसारखं,” आई सहज म्हणाली. सुप्रियाची मी घरात सुपी होते. सगळ्या हसल्या. वाईट हेतूनं कुणीच नाही, अप्पासुद्धा उंबऱ्यात हसले.

मी सिनेमा थांबवला. पडद्यावर त्याचा चेहरा तसाच राहिला.

“सोंग नाहीये ते,” मी म्हणाले. थापण्याच्या वर ऐकू जावं म्हणून मी ओरडूनच बोलत होते, इतक्या दुपारींची तशी सवय झाली होती, पण थापणं केव्हाच थांबलेलं होतं. “त्याला बोलायचंय. सगळं तयार असतं त्याचं. पण तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसता, आता बोलेल, मग बोलेल, म्हणून. मग ते आतच राहतं. आणि आत राहिलं की म्हणता शिष्ट आहे. शिष्ट माणसाला काय, तो कुणाशीही बोलेल. याला तुम्ही काय म्हणाल याची काळजी वाटते, म्हणून याचं तोंड उघडत नाही. एवढं साधं आहे.”

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ‘तुम्ही’ म्हणत होते. अंगण जर्मनीत होतं, पण मी त्यात आईला, अप्पांना आणि भाकरीवाल्या सगळ्या बायकांना उभं केलं होतं. करपल्याचा वास यायला लागला. महानंदाकाकूंनी तव्याकडे न बघताच बोटांनी ती भाकरी उचलून बाजूला टाकली आणि माझ्याकडे बघितलं.

“मग हे आदी सांगाया काय झालं हुतं?”

“काकू,” सुमन म्हणाली, “त्येच तर सांगतीया ती.”

आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. बहुतेक मीच. आई हसली नाही. तिनं पदरानं कपाळ पुसलं, ती करपलेली भाकरी ताटलीत घातली, त्यावर शेंगाचटणी ठेवली आणि ताटली माझ्या हातात दिली. भाकरी करपलेली होती, पण अख्खी होती. मग ती म्हणाली, लाव पुढं, बघू काय बोलतोय ते.

मी लावलं. त्यानं अंगणातल्या सगळ्यांकडे बघितलं. छाती भरून श्वास घेतला. ओठ विलग झाले. आणि पाटी आली, की या चित्रपटाचं अखेरचं रीळ हरवलेलं असून ते आजवर कुठंही मिळालेलं नाही.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. तेवढ्यात पेनड्राइव्हवरचं सगळं संपून टीव्ही आपोआप मालिकेवर गेला, आणि सुमननं पहिल्या दिवशी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेल्या आवाजात एक सासू अशी किंचाळली की अप्पांचं दही उंबऱ्यावर सांडलं. गोंधळ ओसरल्यावर काकूंनी चौकशी सुरू केली. रीळ हरवतंच कसं. कुणाच्या ताब्यात हुतं. त्यांच्या मते शेवट मला ठाऊक होता आणि पास होण्यासाठी मी तो दडवून ठेवला होता. सादरीकरणाच्या दिवशी मी घरून निघाले तेव्हा चपला काढत असलेल्या बायकांनी मला शुभेच्छा दिल्या नाहीत. तो काय बोलला ते सरांना विचारून ये, एवढंच बजावलं.

वर्गात पोचले तेव्हा हात गार होते आणि निबंध पाठ होता. यातली पहिली गोष्ट नेहमीची आणि दुसरी निरुपयोगी, हे मला अनुभवानं माहीत होतं. व्यासपीठाकडे जाताना मी मध्येच थांबले, वळले आणि सरांच्या टेबलापाशी जाऊन हळूच विचारलं की सिनेमा दाखवत दाखवत मी मागच्या भिंतीपाशी उभी राहून बोलले तर चालेल का. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, विषयाला धरून आहे, चालेल. खिडक्या बंद झाल्या, प्रोजेक्टर लागला, आणि सगळा वर्ग माझ्याकडे पाठ करून पडद्याकडे बघत बसला. मी बोलले. जिन्याबद्दल, रामरामाबद्दल, वाफेतल्या बायकांबद्दल, वाकड्या भिंतींबद्दल आणि ज्याच्या नावाची पाटी कधीच येत नाही त्याच्याबद्दल. थोडी मोठ्यानंच बोलले असणार, कारण शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन डोकावून गेल्या.

मग शेवटची पाटी आली आणि सरांनी दिवे लावले. प्रश्नोत्तरं असतात हे मी विसरलेच होते. सगळ्या माना मागं वळल्या. सगळे चेहरे, सगळे डोळे, आणि सगळे माझ्या तोंडाकडे. मला माझं तोंड बंद होताना जाणवलं, दुकानाचं शटर खाली येतं तसं. सर सज्जन माणूस, त्यांनी घाई केली नाही. त्यांनी फार सौम्यपणे, इंग्रजीत विचारलं, “तुला काय वाटतं, त्या हरवलेल्या रिळात तो काय बोलला असेल?”

पंख्याचा आवाज यायला लागला. पुढच्या बाकावरची एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन उठायच्या बेतात होती.

“तो म्हणाला,” मी म्हटलं, इंग्रजीच्या वर्गात, चक्क मराठीत, “आधी सगळ्यांनी तोंडं तिकडं करा.”

मग मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा वर्ग, आणि हसता हसता एकेकजण खुर्चीत वळून पुन्हा कोऱ्या पडद्याकडे तोंड करून बसला. सरांनीसुद्धा आपली खुर्ची फिरवली. मग एक हात वर झाला, पाठमोराच, आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला. त्याचं आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी त्यांच्या पाठींना दिली.